आमिष आणि भाकर
(प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारचे चिंतन)



गेल्या बुधवारी आपण कपाळावर राख लावून घेतली आणि प्रायश्चित्तकाळात पाऊल टाकले. आता शुक्रवारी मटण-चिकन बंद. त्यामुळे येते काही शुक्रवार आपली माणसे मासळीबाजारात जास्त भेटणार. मटणाऐवजी पापलेट तळले तर त्याला त्याग म्हणायचे की नाही, हे ज्याचे त्याने देवापुढे ठरवावे. पण मासा आठवलाच आहे, तर आज माशाविषयीच थोडे बोलू या. ताटातल्या माशाविषयी नाही, गळाला लागणाऱ्या माशाविषयी.

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी ख्रिस्तसभा दरवर्षी आपल्यापुढे एकच प्रसंग ठेवते : प्रभू येशू अरण्यात आहे, चाळीस दिवसांचा उपवास झाला आहे, त्याला भूक लागली आहे आणि सैतान त्याच्याजवळ येतो. या प्रसंगाला आपण ‘येशूची परीक्षा’ म्हणतो. संत याकोबाने आपल्या पत्रात (१:१४) मोहाबद्दल लिहिताना जो मूळ ग्रीक शब्द वापरला आहे, तो मासे पकडण्याच्या आमिषावरून आलेला आहे. माणूस मोहात पडतो तेव्हा त्याची स्वतःची वासनाच त्याला ओढते आणि आमिष दाखवते, असा त्या वचनाचा आशय आहे. आपल्या मराठीतही तसेच आहे. ‘आमिष दाखवले’, ‘गळाला लागला’ हे शब्द आपण माशांपेक्षा माणसांसाठीच जास्त वापरतो.

मासा कसा फसतो?

आपल्या वसई, अर्नाळा, उत्तन, गोराईकडचे कोळी ख्रिस्ती बांधव मुख्यतः जाळ्याने मासे धरतात. पण खाडीत गरी टाकून गरवायला बसणारेही असतात. जिताडा हवा असेल तर गरीला जिवंत कोळंबी लावतात. नदीकाठी गळ टाकून बसणारे कणकेची गोळी किंवा गांडूळ लावतात. ज्या माशाला जे आवडते ते त्याच्यापुढे ठेवायचे, हा सगळ्यांचा नियम.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्सच्या बाजूला, स्ट्राइप्ड बास नावाचा मासा मिळतो. डोक्याकडून शेपटीकडे गेलेल्या सात-आठ काळसर रेघा त्याच्या अंगावर असतात. आपल्या जिताड्यासारखाच हा मोठा, ताकदवान आणि नदी, खाडी व समुद्र या तिन्हींत वावरणारा मासा. तो पकडण्याची एक रीत अशी आहे. होडी एका जागी नांगर टाकून उभी करतात. आपल्या तिसऱ्यांच्या जातीचे, पण आकाराने बरेच मोठे शिंपले फोडतात. त्यांच्या मांसाचे तुकडे जाळीच्या डब्यात भरून डबा तळाशी सोडतात. पाण्याच्या ओढीबरोबर त्या मांसाचा रस आणि बारीक कण दूरवर पसरत जातात. मासा तो वास धरतो आणि प्रवाहाच्या उलट पोहत वासाच्या मागे मागे होडीपर्यंत येतो. तिथे त्याच शिंपल्याचा एक मोठा, मऊ तुकडा त्याची वाट पाहत असतो. त्या तुकड्यात गळ असतो.

या रीतीत चार गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत.

पहिली : होडी हलत नाही. कोणी माशाचा पाठलाग करत नाही. मासा स्वतःच्या शेपटीच्या बळावर तिथे येतो.

दुसरी : मासा मूर्ख नसतो. मोठे वादळ होऊन गेल्यावर समुद्रतळाचे शिंपले खरोखरच फुटतात आणि त्याला आयती मेजवानी मिळते. तो वास त्याच्या ओळखीचा असतो. फसवणारा माणूस त्याच खऱ्या मेजवानीची नक्कल करतो.

तिसरी : जाणता मच्छीमार पाण्यात फार मांस टाकत नाही. पोट भरलेला मासा गळाकडे ढुंकून पाहत नाही. म्हणून वास भरपूर द्यायचा आणि खायला अगदी थोडे. भूक जागवायची, पण भागवायची नाही.

चौथी : वास मध्येच थांबवायचा नाही. तो तुटला की मासा भानावर येतो आणि निघून जातो.

आता माशाच्या जागी माणूस ठेवून ही चार वाक्ये पुन्हा वाचा. सैतानाची कामाची पद्धत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्या वस्तीतली आमिषे

जानेवारी २०२५ मध्ये टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानांचे प्रकरण उघडकीस आले. दादरपासून मीरा रोडपर्यंत त्यांची दुकाने होती, आपल्या शेजारी कल्याणलाही होते. पैसे गुंतवा, दर आठवड्याला परतावा घ्या, असे ते सांगत. सुरुवातीला पैसे खरोखर मिळाले. ज्यांना मिळाले त्यांनी बहिणीला सांगितले, शेजारणीला सांगितले, लोकलमधल्या मैत्रिणीला सांगितले. मग एक दिवस पैसे येणे थांबले आणि दुकानांपुढे गर्दी जमली. भाजी विकणारे, घरकाम करणाऱ्या, निवृत्त झालेले अशी साधी माणसे त्यात होती. पहिल्या आठवड्यांत हातात पडलेले पैसे म्हणजे डब्यातल्या शिंपल्याचा वास होता.

मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी अॅप आपल्या तरुणांना ठाऊक आहेत. कागद नको, जामीन नको. दोन-तीन हजार घेतलेला मुलगा ते फेडायला दुसऱ्या अॅपकडून घेतो, मग तिसऱ्याकडून. मग त्याच्या फोनमधल्या सगळ्या नावांना घाणेरडे संदेश जाऊ लागतात. ऑनलाईन जुगाराचेही तेच. नव्या खेळाडूला आधी थोडे जिंकू देतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, इतके संसार त्यात बुडाले होते. परदेशी नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणारे एजंट, निवडणुकीच्या आदल्या रात्री दार वाजवून पाकीट देणारे, ‘एकदा ओढून बघ, काही होत नाही’ म्हणणारे नाक्यावरचे मित्र, ही यादी तुम्ही माझ्यापेक्षा लांब करू शकाल.

आणि आपली वालधुनी. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, ते याच नदीच्या काठी बांधले गेले. आज त्या नदीत गळ टाकून बसलेला माणूस कुणाला दिसतो? २०१४ साली या नदीत ओतलेल्या रसायनामुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेता येईना आणि रुग्णालये भरून गेली. रसायनाची विल्हेवाट नीट लावण्याचा खर्च वाचतो, एवढेच ते आमिष होते. गिळले एकाने, गुदमरली सगळी वस्ती. एकाच्या पापाचा गळ कितीजणांच्या घशात अडकतो, हे सांगायला याहून जवळचे उदाहरण नाही.

भुकेल्याला भाकर

आता पुन्हा अरण्याकडे वळू या. सैतानाने येशूपुढे पहिले काय ठेवले? दारू नाही, पैसा नाही, बाई नाही. भाकर ठेवली. भाकर वाईट नसते. चाळीस दिवसांच्या उपाशी माणसाने भाकर खावी यात पाप काय? हेच तर आमिष. ते माणसाच्या खऱ्या भुकेला लावलेले असते. कर्जाच्या अॅपकडे गेलेल्या मुलाची गरज खरी असते, कदाचित आईच्या औषधाची असते. चुकीच्या माणसाच्या गोड बोलण्याला भुललेल्या मुलीची मायेची भूक खरी असते. म्हणून अशा माणसांना ‘मूर्ख’, ‘हावरट’ म्हणून मोकळे होऊ नका. भूक खरी असते, फसवा असतो तो देणारा.

दुसऱ्या वेळी सैतानाने देवावरच्या विश्वासालाच गळ लावला : मंदिराच्या टोकावरून उडी घे, देव झेलेलच. तिसऱ्या वेळी जगातली सगळी राज्ये दाखवली : फक्त एकदा माझ्यापुढे वाक. येशू जग जिंकायलाच आला होता. सैतानाने त्याला क्रुसावाचूनचा जवळचा रस्ता दाखवला, एवढेच. तिन्ही वेळा येशूने उत्तर दिले ते पवित्र शास्त्रातून. ज्याच्या पोटात आधीच देवाचे वचन होते, त्याला वासाची भुरळ पडली नाही. पोट भरलेला मासा गळाकडे पाहत नाही, हे मच्छीमाराला ठाऊक असते. प्रायश्चित्तकाळात प्रार्थना आणि बायबलवाचन वाढवायचे ते याचसाठी. नुसता उपवास करून मन रिकामे ठेवले तर ते जास्तच भुकेले होते.

पुढे काय झाले ते पाहा. अरण्यात ज्याने स्वतःसाठी एक भाकर केली नाही, त्याने पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन पाच हजारांना जेवू घातले. सगळे तृप्त झाले आणि बारा टोपल्या उरल्या. वास दाखवून उपाशी ठेवणे त्याला येत नाही. पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या काठी (योहान २१) शिष्य रात्रभर रिकाम्या जाळ्याने थकून आले, तेव्हा त्याने निखाऱ्यांवर मासळी भाजून ठेवली होती, शेजारी भाकर होती. ज्या पेत्राने तीनदा त्याला नाकारले होते, त्यालाही त्याने आधी न्याहारीला बसवले आणि मग ‘प्रेम करतोस का’ हे विचारले. आणि त्याच्याही आधी, शेवटच्या भोजनाच्या रात्री, तो स्वतःच भाकर झाला होता. आमिष दाखवणारा थोडे देतो आणि जीव घेतो. येशू स्वतःचा जीव देतो आणि बदल्यात फसवून काही घेत नाही. आज वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारताना एवढे एकच मनात आणा : या भाकरीत गळ नाही.

माणसे धरणारे

येशूने पेत्राला माणसे धरणारा केले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. संत लूकने तिथे (५:१०) जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ ‘जिवंत धरणे’ असा आहे. मच्छीमाराने धरलेला मासा मरतो, पण पेत्राने धरलेला माणूस जगायला हवा. शुभवर्तमानात गळाचा उल्लेख एकदाच येतो (मत्तय १७:२७). मंदिराचा कर भरायला येशू पेत्राला गळ टाकायला सांगतो आणि माशाच्या तोंडात दोघांपुरते नाणे मिळते. बाकी सगळीकडे जाळेच आहे. जाळे जे आहे ते सगळे ओढून आणते. निवड देव करतो, आणि ती शेवटी करतो.

आज आपल्या देशात ‘आमिष’ हा शब्द आपल्याविरुद्ध वापरला जातो. ख्रिस्ती लोक आमिष दाखवून धर्म वाढवतात, असे म्हटले जाते. यावर चिडण्याआधी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण आपल्याला नीट माहीत हवी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले, एक धर्मस्वातंत्र्यावर आणि दुसरा मिशनकार्यावर. कोणालाही बळजबरीने किंवा अयोग्य युक्तीने भुलवून श्रद्धेकडे आणणे चर्चला मान्य नाही, आणि गरीब व अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर विशेष जपले पाहिजे, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मे २००७ मध्ये ब्राझीलमधल्या आपारेसिदा इथे तेच सांगितले : चर्च वाढते ते माणसे ओढून आणल्याने नव्हे, ख्रिस्ताच्या प्रेमाच्या आकर्षणाने.

आपली मदत बिनगळाची असावी. शेजारच्या सिंधी, मराठी, उत्तर भारतीय कुटुंबाला दवाखान्यात नेले, त्यांच्या मुलाला शिकवले, तर तिथेच ते संपले पाहिजे. त्याची पावती मनात ठेवायची नाही. उल्हासनगरच्या झुलेलाल मंदिरांत तुम्ही पाहिले असेल, आपल्या सिंधी शेजाऱ्यांचा झुलेलाल पल्ला माशावर बसलेला असतो. फाळणीत सगळे मागे टाकून आलेल्या माणसांनी ती श्रद्धा बरोबर आणली आणि जपली. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणारा ख्रिस्ती माणूसच ख्रिस्ताची खरी साक्ष देतो.

गळ घरातही असतो. ‘नव्वद टक्के मिळव, मग माझा मुलगा.’ ‘मी एवढे केले तुमच्यासाठी, आता माझे ऐका.’ चर्चला देणगी दिली, तर समितीत जागा हवी. हे प्रेम नव्हे, चारा आहे. या काळात आपल्या दानधर्मातला असा एखादा गळ शोधून काढा.

गळ काढायचा कसा?

ज्याच्या तोंडात गळ आधीच अडकला आहे, त्याच्यासाठी आता दोन शब्द. हे चिंतन वाचणाऱ्यांतही असे कोणी असेल.

मघाशी सांगितलेल्या त्या अमेरिकन माशाबद्दल २०२१ पासून तिथे एक नियम आहे. हौशी मच्छीमाराने नैसर्गिक आमिष लावायचे तर गोल वळलेलाच गळ वापरायचा. साधा गळ मासा कधी कधी पोटापर्यंत गिळतो आणि मग त्याला पाण्यात परत सोडले तरी तो अनेकदा जगत नाही. गोल गळ ओठाच्या कोपऱ्यात अडकतो आणि तो सहज काढता येतो. ओठातला गळ आणि पोटातला गळ यांत जगण्या-मरण्याचे अंतर आहे.

पापाचे आणि कर्जाचेही तसेच आहे. पहिल्या आठवड्यात सांगितले तर ते ओठात असते. लपवले की खोल उतरते. गळाला उलटा काटा असतो, म्हणून मासा जितका एकटा झटापट करतो तितका तो जास्त रुततो. एकट्याने धडपडू नका. आजच संध्याकाळी घरात एका माणसाला सांगा. बायकोला सांगा, भावाला सांगा. फसवणूक झाली असेल तर पोलिसांत जा, त्यात लाज फसवणाऱ्याची आहे. आणि समेट संस्काराला या. पापकबुलीच्या खुर्चीत बसलेला धर्मगुरू पंच म्हणून बसलेला नसतो. तो गळ काढायला बसलेला असतो, आणि त्याच्या स्वतःच्या ओठावरही जुने व्रण असतात.

ज्यांना कोणी असे येऊन सांगेल त्यांनाही विनंती आहे. गळ खोल गेला असेल तर समजूतदार मच्छीमार तो हिसका देऊन ओढत नाही. ओढला तर आतडे फाटते. तो दोरी जवळून कापतो आणि माशाला पाण्यात सोडतो. तसेच घरात कोणी रडत कबुली दिली, तर त्याच रात्री हिशेब आणि शिव्या काढू नका. आधी दोरी कापा, म्हणजे त्याला त्या अॅपपासून, त्या मित्रांपासून, त्या व्यवहारापासून वेगळे करा. त्याला जेवायला वाढा. हिशेब उद्या होईल. सरोवराच्या काठी प्रभूनेही आधी न्याहारी दिली होती.

या आठवड्यासाठी

१. माझ्यापुढे सध्या कोणता वास येतो आहे? त्यामागची माझी खरी भूक कोणती? ती देवापुढे नाव घेऊन मांडा.

२. रोज रात्री कुटुंबात मिळून संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय थोडा थोडा वाचा. मुलांना प्रश्न विचारू द्या.

३. या शुक्रवारी जेवणातून वाचवलेले पैसे कोणालाही न सांगता एखाद्या गरजूला द्या. मात्र शुक्रवारी वाचवून शनिवारी दुप्पट खाऊ नका.

प्रार्थना

हे प्रभू येशू, अरण्यात तुला भूक लागली होती, म्हणून तुला आमची भूक कळते. आमच्या पुढ्यात येणारे आमिष ओळखण्याची बुद्धी आम्हांला दे. जे फसले आहेत त्यांना बोलण्याचे धैर्य दे आणि ऐकणाऱ्यांना दया दे. आमच्या हातून कोणालाही गळ लागू नये. आमच्या नद्यांना पुन्हा जीव दे आणि आमच्या घरांना तुझी भाकर दे. तू आम्हांला जिवंत धरले आहेस, तसेच धरून ठेव. आमेन.